एका खेळीत न मावणारा डीन जोन्स

२४ सप्टेंबर २०२० रोजी डीन जोन्स मुंबईत वारला. करोनामुळे त्या वर्षीची आयपीएल अमिरातीत भरली होती आणि वाहिनीची काही समालोचक मंडळी मुंबईत बसून सामन्यांवर बोलत होती. जोन्स त्यांतला एक. हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ब्रेट लीने छातीवर दाब देऊन त्याला वाचवायची शिकस्त केली, पण उपयोग झाला नाही. वय ५९.

त्यानंतर भारतात त्याच्याविषयी जे लिहिलं-बोललं गेलं ते बहुतेक सगळं एकाच मैदानावर घुटमळत राहिलं. मद्रासचं चेपॉक, सप्टेंबर १९८६, चाळिशी ओलांडलेला पारा, खेळपट्टीच्या कडेला जाऊन ओकणारा फलंदाज, २१० धावा आणि मग इस्पितळातलं सलाइन. गोष्ट खरी आहे आणि थोरही आहे. पण तिच्या आडून एक निकाल गुपचूप लावला जातो. जोन्स म्हणजे ती एक खेळी. बाकी तो वनडेचा चांगला खेळाडू, कसोटीत बेताचा, मालिका निकाली निघाल्यावर धावा करणारा आणि तोंडाळपणापायी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला. ऑस्ट्रेलियातही त्याला संघाबाहेर काढण्याच्या समर्थनार्थ याच सुरातली कारणं पुढे केली गेली. ५२ कसोटींवर थांबलेल्या कारकिर्दीला मग फारसं स्पष्टीकरण लागत नाही. कुवतच तेवढी होती, असं म्हटलं की विषय संपतो.

विषय तसा संपत नाही. या आरोपपत्रातलं एकेक कलम तपासलं तर बहुतेक कागदावरच राहतात.

सुरुवात मद्रासपासूनच करावी लागेल, कारण ती गोष्टसुद्धा अर्धीच सांगितली जाते. जोन्सची ती तिसरी कसोटी. आधीच्या दोन १९८४ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये झाल्या होत्या आणि त्यानंतर अडीच वर्षं त्याला कसोटी संघात जागा नव्हती. परत आला तो थेट तिसऱ्या क्रमांकावर, उपखंडात, तीन भारतीय फिरकी गोलंदाजांसमोर: डावखुरे मनिंदर सिंग आणि रवी शास्त्री, ऑफस्पिनर शिवलाल यादव. समुद्राकाठची दमट हवा अंगातलं पाणी शोषून घेत होती. षटकांच्या मधल्या वेळात तो ओकायचा, पायांत गोळे यायचे. १७० च्या आसपास त्याने कर्णधार ॲलन बॉर्डरला सांगितलं की आता होत नाही. बॉर्डरने त्याला डिवचलं. जा मग आत, मी क्वीन्सलंडचा एखादा कणखर गडी बोलावतो, अशा अर्थाचं तो बोलला. स्वतः क्वीन्सलंडकडून खेळणाऱ्या कर्णधाराने व्हिक्टोरियाच्या पोराला दिलेला हा टोमणा. जोन्स थांबला आणि आणखी ४० धावा करूनच परतला. एकूण ५०२ मिनिटं, ३३० चेंडू. पुढे तोच सांगायचा की शतकानंतरचं आपल्याला फारसं आठवत नाही.

हे सगळं दर वेळी सांगितलं जातं. सांगितलं जात नाही ते त्याचं पदलालित्य. अंगात त्राण नसलेला फलंदाज एरवी क्रीझला चिकटून राहतो आणि चेंडू अंगावर येऊ देतो. जोन्स पुढे सरसावत राहिला, चेंडूच्या टप्प्यापर्यंत जाऊन फिरकी मोडत राहिला. २७ चौकार आणि २ षटकार नुसत्या सहनशक्तीवर निघत नाहीत. ओकारीची गोष्ट इतकी झणझणीत आहे की तिच्यापुढे फलंदाजी दिसेनाशी होते, आणि कौतुक करणाऱ्यांनीही त्याला फलंदाजाऐवजी शहीद करून टाकलं. सामना बरोबरीत सुटला, कसोटी इतिहासातला दुसराच, आणि सामनावीराचा मान कपिल देवबरोबर जोन्सला मिळाला. तिथे गोष्ट संपते, असा समज आहे.

पण मालिका तिथे संपली नव्हती. दिल्लीनंतर तिसरी कसोटी मुंबईत वानखेडेवर झाली. त्या सामन्याची मराठी माणसाची आठवण स्वाभाविकच दिलीप वेंगसरकरच्या नाबाद १६४, शास्त्रीच्या नाबाद १२१ आणि सुनील गावसकरच्या १०३ धावांची आहे. त्याच सामन्यात जोन्सने पहिल्या डावात ३५ आणि दुसऱ्या डावात नाबाद ७३ केल्या. तीन कसोटींत मिळून ३७१ धावा, सरासरी ९२.७५. चेपॉकचा उन्हाळा वानखेडेवर नव्हता, सलाइन नव्हतं, टोमणाही नव्हता. तरी धावा होत्या. ‘एका खेळीचा माणूस’ हा शिक्का त्याच मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात खोटा ठरला होता, पण तेवढं पुढचं पान उलटायची तसदी कोणी घेतली नाही.

दुसरं कलम असं की तो मुळात वनडेचा खेळाडू. यातला पूर्वार्ध नाकारायचं कारण नाही. एकदिवसीय क्रिकेटमध्ये जोन्स काय चीज होता हे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर सामने पाहिलेल्यांना सांगावं लागत नाही. ओठांना पांढरं मलम, डोळ्यांवर गॉगल, आणि वेगवान गोलंदाज धावत येत असताना क्रीझ सोडून त्याच्या अंगावर चालून जायची हिंमत. मेलबर्नच्या अवाढव्य मैदानावर एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन धावा पळून काढायची सवय. १६४ सामन्यांत ६,०६८ धावा, सरासरी ४४.६१, स्ट्राइक रेट ७२.५६. आजच्या हिशेबात हा वेग मंद वाटेल, पण डेस्मंड हेन्स, जावेद मियाँदाद यांसारख्या समकालीनांची सरासरी ४१-४२ च्या घरात होती आणि संघांना अडीचशे धावा विजयासाठी पुरायच्या. १९९४ मध्ये जोन्सने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं तेव्हा वनडेत पाच हजारांवर धावा करून सरासरी ४४ च्या वर राखणारे तिघेच होते. दुसरे दोघे व्हिव्ह रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज.

विश्वचषकात भारताला त्याने दिलेले चटके तर आपल्याकडे विसरले जाणं शक्यच नाही. ९ ऑक्टोबर १९८७, पुन्हा मद्रास. मनिंदरला मारलेला जोन्सचा एक फटका सीमेवर पडला. पंचांनी चौकार दिला. ऑस्ट्रेलियाने तो षटकार होता असा आग्रह धरला आणि डाव संपल्यावर कपिल देवने मोठ्या मनाने ते मान्य केलं. २६८ च्या २७० झाल्या आणि भारत एका धावेने हरला. महिन्याभरात ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलियाने पहिला विश्वचषक उचलला. १ मार्च १९९२, ब्रिस्बेन, पुढचा विश्वचषक. जोन्स ९०, सामनावीर, आणि भारत पुन्हा एका धावेने पराभूत.

तेव्हा वनडेचा बादशहा, कबूल. खोट आहे ती ‘मुळात’ या शब्दामागच्या गृहीतकात. ज्याची वनडेतली सरासरी ४४.६१ आहे त्याची कसोटीतली सरासरी आहे ४६.५५. म्हणजे ज्या प्रकारात तो उणा होता असं सांगितलं जातं तिथेच आकडा वरचा आहे. ५२ कसोटी, ३,६३१ धावा, ११ शतकं. त्याच्याच पिढीच्या आणि थोड्या पुढच्या ऑस्ट्रेलियन फलंदाजांशी ताडून पाहा. मार्क वॉ ४१.८१, मार्क टेलर ४३.४९, डेव्हिड बून ४३.६५, जस्टिन लँगर ४५.२७. यांच्यापैकी कोणालाही ‘मर्यादित षटकांचा खेळाडू’ म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही, आणि म्हणूही नये. मग जोन्सलाच का? गॉगल घालून जोरात पळतो म्हणून?

आता सर्वांत टोकदार आरोपाकडे येऊ, कारण त्यात थोडं तथ्य आहे. जोन्सच्या मोठ्या खेळ्या मालिका निकालात निघाल्यावर झाल्या, असं म्हटलं जातं. १९८९ मधल्या ॲडलेडच्या २१६ धावा त्याची सर्वोच्च धावसंख्या, पण तोवर वेस्ट इंडीजने मालिका खिशात घातली होती. हे खरं आहे. पण आरोप ११ शतकांवर आहे, तर हिशेबही ११ शतकांचा मांडला पाहिजे.

मालिका निकाली निघाल्यानंतरची शतकं चार. सिडनी १९८७ चे नाबाद १८४, ॲडलेड १९८९ चे २१६, त्याच वर्षीचे ओव्हलवरचे १२२ आणि पर्थ १९९२ चे नाबाद १५०. उरलेली सात अशा सामन्यांत की जिथे मालिका अजून जिवंत होती. मद्रासचे २१० हे मालिकेच्या पहिल्याच कसोटीत. श्रीलंकेविरुद्ध पर्थला १९८८ मध्ये १०२, तो एकमेव कसोटी सामना होता. १९८९ च्या ॲशेसमध्ये बर्मिंगहॅमला १५७, तेव्हा सहापैकी दोनच सामने झाले होते. होबार्टला श्रीलंकेविरुद्ध नाबाद ११८, पहिली कसोटी अनिर्णित राहिल्यानंतर. जानेवारी १९९० मध्ये पाकिस्तानविरुद्ध ॲडलेडला एकाच सामन्यात ११६ आणि नाबाद १२१, समोर इम्रान खान आणि वसीम अक्रम, आणि मालिकेचा एक सामना बाकी. शेवटी कोलंबोला १९९२ मध्ये नाबाद १००, तेव्हाही तिसरी कसोटी शिल्लक होती. अकरापैकी सात. ही ओळख जर ‘डेड रबरचा फलंदाज’ अशी असेल तर शब्दांना अर्थ उरत नाही.

बरं, त्या चार ‘मेलेल्या’ सामन्यांतही काय होतं? सिडनीचा सामना ॲशेस गमावल्यावरचा, पण ऑस्ट्रेलियाने त्याआधी सलग १४ कसोटींत एकही विजय पाहिला नव्हता. नोव्हेंबर १९८५ पासून कोरडा पडलेला तो संघ जोन्सच्या नाबाद १८४ धावांवर उभा राहिला आणि ५५ धावांनी जिंकला. बॉर्डरच्या त्या गलितगात्र संघाला त्या विजयाची किती गरज होती हे त्या काळचे धावफलक सांगतात. ॲडलेडला समोर माल्कम मार्शल, कर्टली अँब्रोस, कोर्टनी वॉल्श आणि पॅट्रिक पॅटरसन होते. मालिका जिंकली म्हणून ही चौकडी चेंडू हळू टाकत नसे. नवव्या विकेटसाठी मर्व्ह ह्यूजबरोबर त्याने शतकी भागीदारी केली आणि ह्यूज नाबाद ७२ वर राहिला. आणि पर्थ १९९२? त्या सामन्यात सचिन तेंडुलकरने ११४ केल्या. भारत मालिका ०-३ ने हरलेला होता, तरी ती खेळी आपण तेंडुलकरच्या सर्वोत्तम खेळ्यांमध्ये मोजतो, आणि रास्तच मोजतो. त्याच खेळपट्टीवर, त्याच सामन्यात जोन्सने काढलेल्या नाबाद १५० मात्र ‘फुकटच्या’ ठरतात. एकाच मैदानावर दोन मापं कशी चालतील?

प्रतिवाद करायचा म्हणून दुखरी जागा झाकायची गरज नाही. ॲडलेडच्या त्या दोन शतकांनंतर पर्थपर्यंत, म्हणजे जानेवारी १९९० ते फेब्रुवारी १९९२, अशी दोन वर्षं जोन्सला कसोटी शतक करता आलं नाही. १९९०-९१ ची ॲशेस त्याला बेताची गेली आणि १९९१ च्या कॅरिबियन दौऱ्यात हाताला फारसं लागलं नाही. त्या दौऱ्यातला जॉर्जटाउनचा प्रसंग तर क्रिकेटच्या नियमांच्या वर्गात शिकवावा असा आहे. वॉल्शच्या चेंडूवर जोन्सचा त्रिफळा उडाला. पंचांनी नो-बॉल दिला होता, पण गर्दीच्या गोंगाटात त्याला ते ऐकूच आलं नाही. बाद झालो असं समजून तो तंबूकडे चालू लागला. समोरच्या टोकाचा बॉर्डर ओरडत होता. तेवढ्यात कार्ल हूपर स्लिपमधून धावत आला आणि त्याने यष्टी उपटली. पंचांनी धावबाद दिलं. धाव काढायचा प्रयत्नच नसेल तर नो-बॉलवर फलंदाज धावबाद होऊ शकत नाही, हा नियम तेव्हाही पुस्तकात होता. पंचांनाही तो आठवला नाही. दिवस फिरले की असंही होतं. पण दोन वर्षांचा पडता काळ म्हणजे संपलेला फलंदाज, असा कौल द्यायचा तर तो सर्वांनाच लागू करा. स्टीव्ह वॉला पहिलं कसोटी शतक करायला २७ सामने लागले. निवड समितीने धीर धरला आणि त्या धीराचं सोनं झालं. जोन्सच्या बाबतीत विचित्र हे की तो फॉर्म हरवलेला असताना संघात राहिला आणि फॉर्म परत आल्यावर बाहेर गेला.

हेच या साऱ्या प्रकरणाचं मर्म आहे. ऑगस्ट-सप्टेंबर १९९२ मध्ये ऑस्ट्रेलिया श्रीलंकेत तीन कसोटी खेळला. कोलंबोच्या पहिल्या कसोटीत पहिल्या डावात २९१ धावांनी पिछाडीवर पडूनही ऑस्ट्रेलिया १६ धावांनी जिंकला. शेन वॉर्नच्या शेवटच्या तीन बळींमुळे तो सामना लक्षात राहिला. त्या दुसऱ्या डावात जोन्सच्या ५७ होत्या, आणि १६ धावांच्या विजयात ५७ धावा म्हणजे किरकोळ बाब नव्हे. दुसऱ्या कसोटीत ७७ आणि नाबाद १००. तिसऱ्यात ११ आणि २१. मालिकेत २७६ धावा, सरासरी ५५.२०. त्याच मालिकेत मार्क वॉने शेवटच्या दोन कसोटींतल्या चारही डावांत भोपळा फोडला नाही.

नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका सुरू झाली. लॉरी सॉल यांच्या अध्यक्षतेखालच्या निवड समितीने चार शून्यं काढलेल्या मार्क वॉला ठेवलं, २१ वर्षांच्या डेमियन मार्टिनला कसोटी पदार्पण दिलं आणि जोन्सला वगळलं. तो पुन्हा कधीच कसोटी खेळला नाही.

निवड समितीची बाजू मांडणारे म्हणतात की मार्क वॉने मेलबर्नला शतक ठोकून विश्वास सार्थ केला, मार्टिन पुढे मोठा फलंदाज झाला, आणि १९९३ ची ॲशेस ऑस्ट्रेलियाने जोन्सविनाच ४-१ अशी खिशात टाकली. हे सगळं खरं आहे. पण संघ जिंकला म्हणून वगळलेला माणूस अपात्र होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्या काळातल्या ऑस्ट्रेलियाकडे गुणवत्तेची इतकी रेलचेल होती की दोघा-तिघांना वगळूनही संघ जिंकला असता. मार्टिनचं उदाहरण तर उलट्या बाजूने बोलतं. त्याला घाईने आणलं, थोड्याच काळात बाजूला केलं आणि त्याचं खरं कर्तृत्व फुललं ते कितीतरी वर्षांनी, २००० नंतर. म्हणजे १९९२ मध्ये तयार फलंदाज बाहेर आणि अपरिपक्व फलंदाज आत, असा तो निर्णय होता. वेस्ट इंडीजविरुद्धची ती मालिका ऑस्ट्रेलिया १-२ अशी हरला. ॲडलेडची कसोटी एका धावेने गेली. जोन्स असता तर निकाल बदलला असता असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही; पण एका धावेने हरणाऱ्या संघाने पंचावन्नच्या सरासरीचा फलंदाज घरी ठेवला होता, एवढं निश्चित सांगता येतं.

वयाचा मुद्दाही टिकत नाही. वगळला तेव्हा जोन्स ३१ वर्षांचा होता. डेव्हिड बून त्याच्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा. बून जानेवारी १९९६ पर्यंत खेळला आणि १०७ कसोटींवर थांबला. तो त्या जागेला पूर्ण लायक होता. पण एकाच वयाच्या दोघांपैकी कमी सरासरीच्या फलंदाजाला शंभरावर कसोटी मिळतात आणि जास्त सरासरीचा ५२ वर अडकतो, तेव्हा भविष्याची बांधणी, नव्या रक्ताला वाव वगैरे कारणं लंगडी पडतात. ‘नवं रक्त’ नेमकं एकाच माणसाच्या जागी कसं हवं होतं?

मग उरतो स्वभाव. इथे एक मनगटपट्टा नेहमी बाहेर काढला जातो. जानेवारी १९९३, सिडनी, वर्ल्ड सीरिजची पहिली अंतिम लढत. जोन्सने अँब्रोसला मनगटावरचा पांढरा पट्टा काढायला लावला. अँब्रोस भडकला, ३२ धावांत ५ बळी घेऊन गेला, आणि तेव्हापासून क्रिकेटच्या गप्पांत हा प्रसंग जोन्सच्या आगाऊपणाचा पुरावा म्हणून ऐकवला जातो. काही महाभाग तर त्याच महिन्याअखेरीस पर्थला अँब्रोसने अवघ्या एका धावेच्या मोबदल्यात सात गडी टिपले त्याचं खापरही जोन्सवर फोडतात. मुळात सामना पांढऱ्या चेंडूचा होता. गोलंदाजाच्या हातावर पांढरा पट्टा असेल तर तो काढायला सांगणं हा फलंदाजाचा साधा हक्क आहे. आणि पर्थच्या कसोटी संघात जोन्स नव्हताच. ज्याला निवड समितीने संघात घेतलं नाही त्यालाच संघाच्या पडझडीला जबाबदार धरायचं, ही तर्काची कसरत थक्क करणारी आहे. त्या मालिकेत अँब्रोसने ३३ बळी घेतले. तेवढे बळी रागापोटी मिळत नाहीत, ते उंची, अचूकता आणि उसळीवर मिळतात. अँब्रोसच्या थोरवीलाही या किश्श्याने उगाच खुजं केलं आहे.

जोन्स भडक होता, स्वतःची बाजू रेटणारा होता, वरिष्ठांशी गोड बोलून राहणारा नव्हता. काउंटी क्रिकेटमध्येही त्याचे खटके उडाले. १९९६ मध्ये कर्णधार म्हणून त्याने डर्बीशायरला चॅम्पियनशिपमध्ये दुसऱ्या स्थानावर नेलं आणि पुढच्याच हंगामात मध्यावर तो क्लब सोडून निघून गेला. समालोचक म्हणून २००६ मध्ये हाशिम आमलाबद्दल त्याने काढलेले उद्गार निंद्य होते. त्याने माफी मागितली, त्याची नोकरी गेली आणि ती जायलाच हवी होती. त्या गोष्टीचं समर्थन कोणी करू नये. पण २००६ चं पाप १९९२ च्या निवडीच्या हिशेबात टाकता येत नाही. आणि जोरकस स्वभाव ही अपात्रता असती तर त्या काळचा अर्धा ऑस्ट्रेलियन संघ घरी बसला असता.

आणखी एक टोला त्याच्या चाहत्यांना मारला जातो. जोन्सबद्दलचा कळवळा म्हणजे मेलबर्नकरांचा प्रांताभिमान, असा तो टोला. मेलबर्नच्या मैदानावर प्रेक्षकांनी ‘डीनोला परत आणा’ म्हणून गळे काढले, फलक धरले, हे खरं. पण विस्डेनने १९९० मध्ये निवडलेल्या पाच क्रिकेटपटूंत त्याचं नाव होतं, ते काही मेलबर्नकरांनी घातलं नव्हतं. १९८९ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या कसोटींत त्याने ७०.७५ च्या सरासरीने ५६६ धावा काढल्या होत्या. आणि पदार्पणातली ती खेळी? पोर्ट ऑफ स्पेन, मार्च १९८४. सामन्याआधी जोन्स आजारी होता. जोएल गार्नरने सहा गडी बाद केलेल्या त्या डावात त्याने बॉर्डरला साथ देत ४८ धावा काढल्या. स्वतःची सर्वोत्तम खेळी कोणती असं विचारलं की तो या ४८ चं नाव घ्यायचा. मद्रासच्या २१० ला त्याने स्वतःच्या यादीत पहिलं स्थान दिलं नाही. जगाने मात्र त्याला त्याच खेळीत कोंडून ठेवलं.

वगळल्यानंतरही बॅट थंड झाली नव्हती. १९९४-९५ च्या शेफील्ड शील्ड हंगामात मेलबर्नवर दक्षिण ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने नाबाद ३२४ केल्या. निवड समितीचं लक्ष तोवर दुसरीकडे होतं. वनडे संघातही त्याची जागा डळमळीत झाली आणि एप्रिल १९९४ मध्ये केपटाउनला तो ऑस्ट्रेलियासाठी शेवटचा सामना खेळला होता. प्रथम श्रेणीत त्याने ५१.८५ च्या सरासरीने १९,१८८ धावा आणि ५५ शतकं केली. हे आकडे घेऊन माणूस निवृत्त होतो तेव्हा ‘कुवतच तेवढी होती’ असं म्हणणाऱ्याने आधी कुवतीची व्याख्या सांगावी.

त्याच्या क्रिकेटबुद्धीवरही पुढे शिक्कामोर्तब झालं. पाकिस्तान सुपर लीगमध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली इस्लामाबाद युनायटेडने २०१६ आणि २०१८ मध्ये विजेतेपद मिळवलं. २०२० मध्ये कराची किंग्जने ते मिळवलं तेव्हा त्यांचा हा प्रशिक्षक हयात नव्हता. ऑस्ट्रेलियाने त्याला आपल्या क्रिकेट हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते २०१९ मध्ये, म्हणजे शेवटच्या कसोटीनंतर तब्बल २७ वर्षांनी.

तेव्हा पुढच्या वेळी ‘मद्रासचा वीर’ म्हणून त्याचा फोटो छापणाऱ्या संपादकांना आणि त्यावर बोलणाऱ्या समालोचकांना एवढीच विनंती: फोटोखाली वानखेडेचे नाबाद ७३, ॲडलेडची दोन शतकं, बर्मिंगहॅमचे १५७ आणि कोलंबोचे नाबाद १०० हेही लिहा. आणि ५२ हा आकडा लिहाल तेव्हा हेही नोंदवा की तो आकडा जोन्सच्या बॅटने ठरवला नव्हता, ४६.५५ ची सरासरी असलेल्या, नुकतंच शतक केलेल्या ३१ वर्षांच्या फलंदाजाला वगळून तो निवड समितीने ठरवला, आणि तो निर्णय चुकीचा होता.